क्रूझचं तिकीट काढलं? मग मुंबईत एक दिवस आधी पोहोचा, आणि लांबचं फिरणं जहाजातून उतरल्यावर ठेवा

द्राक्षाचा माल निघाला, व्यापाऱ्याचे पैसे खात्यावर आले की गावोगावी फिरायला जायचे बेत सुरू होतात. बालाजी, काशी, अष्टविनायक या यादीत आता क्रूझचीही भर पडली आहे. मोबाइलवर जाहिरात दिसते, मुलगा किंवा सून तिकीट काढते, जहाजावर पोहण्याचा तलाव कसा आहे आणि जेवणात काय काय असतं हे व्हिडिओ बघून घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. पण तासगाव, जत किंवा आटपाडीहून मुंबईच्या धक्क्यापर्यंत कधी पोहोचायचं, आदल्या रात्री मुक्काम कुठं करायचा, उतरल्यावर गोवा बघायचा की गाडी धरायची, हे मात्र पिशव्या भरताना आठवतं.

एसटी चुकली तर तासाभरानं दुसरी मिळते. जहाजाला दुसरी फेरी नसते. वेळेत पोहोचला नाहीत तर ते तुमच्याशिवाय सुटतं, आणि तिकिटाचे पैसे अशा वेळी सहसा परत मिळत नाहीत. पाच माणसांच्या घराला हा फटका एका झटक्यात बसतो.

तिकिटावर दोन वेळा, त्यातली पहिली खरी

क्रूझच्या कागदावर जहाज सुटण्याची वेळ ठळक असते. समजा ती संध्याकाळी पाचची आहे. म्हणून चारला पोहोचलं तर चालेल, असा हिशेब गावाकडं हमखास होतो, कारण रेल्वेचं तसंच असतं. जहाजाचं विमानासारखं असतं. सामान तपासणं, ओळखपत्र बघणं, खोलीचं कार्ड देणं हे सगळं होऊन चेक-इनची खिडकी जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होते. बहुतेक प्रवाशांना दुपारीच बोलावलेलं असतं. ती वेळ तिकिटाच्या बारीक अक्षरात सापडेल. ती शोधून मोबाइलवर तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि सगळा बेत त्या वेळेवर बांधावा.

आता एक घर डोळ्यापुढं आणा. तासगाव तालुक्यातले पाच जण: सत्तरीचे आई-वडील, मुलगा, सून आणि शाळकरी नात. जहाज शनिवारी दुपारचं. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की ती सकाळी मुंबईला सीएसएमटीला पोहोचते. म्हणजे शुक्रवारी रात्री बसून शनिवारी सकाळी उतरायचं, तोंड धुऊन थेट धक्क्यावर. कागदावर हे जमतं. गाडी वेळेवर आली तर खरोखरही जमतं. पण घाटात मालगाडी बंद पडली, पुढं सिग्नलचा बिघाड झाला, किंवा स्वतःची गाडी घेऊन निघाल्यावर खंडाळ्याला शनिवार-रविवारची कोंडी लागली, तर हाताशी काहीच उरत नाही. आणि सगळं सुरळीत झालं तरी रात्रभर न झोपलेल्या म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं करून बोटीवर चढवायचं असतं.

म्हणून या घरानं गुरुवारी रात्री निघावं. शुक्रवारी सकाळी मुंबईत उतरावं, दिवस मुंबईत काढावा, रात्री नीट झोपावं, शनिवारी आरामात धक्क्यावर जावं. लॉजचा एका रात्रीचा खर्च वाढतो, हे खरं. पण गाडी सहा तास उशिरा आली तरी जहाज चुकत नाही. शिवाय मुंबई बघायला एक अख्खा दिवस मिळतो, आणि गावाकडच्या कितीतरी ज्येष्ठांनी मुंबई पाहिली आहे ती दवाखान्याच्या खिडकीतून किंवा मंत्रालयाच्या रांगेतून.

मुंबईत बोटीच्या जागा तीन, गोंधळ तिथंच होतो

टॅक्सीवाल्याला नुसतं "बोटीच्या धक्क्यावर" म्हटलं तर तो भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल. तो माझगावला आहे. तिथून मांडव्याची रो-रो आणि मासेमारीच्या बोटी सुटतात. घारापुरीच्या लाँच सुटतात गेट वे ऑफ इंडियावरून. आणि मोठी क्रूझ जहाजं लागतात बेलार्ड पिअरला. या धक्क्यावरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. टॅक्सीत बसताना "बेलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल" एवढं नीट सांगावं. कुठल्या गेटनं आत जायचं ते तिकिटासोबतच्या संदेशात दिलेलं असतं, तेही वाचून घ्यावं.

सीएसएमटीपासून ही जागा दोनेक किलोमीटरवर आहे. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं येते, फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं ३१ रुपये आहे. रिक्षा शोधत बसू नये. दक्षिण मुंबईत रिक्षाला परवानगीच नाही, ती शीव आणि वांद्र्याच्या अलीकडं थांबते.

मुक्काम फोर्ट किंवा सीएसएमटीच्या आसपास केलेला बरा. मुंबईत आपलं माणूस नाही असं घर आपल्या जिल्ह्यात क्वचितच सापडेल. कुणी कामोठ्याला, कुणी घणसोलीला, कुणी मानखुर्दला. तिथं उतरलं तर पैसे वाचतात, पाहुण्यांनाही बरं वाटतं. फक्त एक बघावं: जहाज रविवारचं असेल तर लोकलचा मेगाब्लॉक. हार्बर आणि मध्य रेल्वेवर तो बहुतेक रविवारी सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत असतो, म्हणजे नेमका तुमच्या चेक-इनच्या वेळेला. रविवारच्या जहाजासाठी शनिवारची रात्र तरी धक्क्याजवळच काढावी.

जहाजाच्या आधी: जवळचं, सपाट आणि अर्ध्यात सोडता येईल असं

जहाजाच्या आदल्या दिवशी जे बघायचं ते मुक्कामापासून जवळ असावं, फार चढ-उतार नसावा, आणि आईचे गुडघे दुखायला लागले तर मधेच परत फिरता यावं.

सुरुवात स्टेशनापासूनच होते. ज्या सीएसएमटीवर उतरलात ती इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपण तिथं फलाट शोधण्याच्या घाईत असतो, वर मान करून कुणी बघत नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहून पाच मिनिटं बघावं. घुमट, दगडातले मोर, माकडं आणि वाघ-सिंह. नात एकेक प्राणी मोजत बसेल.

तिथून हुतात्मा चौक जवळच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेललेल्यांचं स्मारक तिथं आहे. जुन्या पिढीला ते दिवस आठवतात, निदान वडिलांकडून ऐकलेले असतात. पुढं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आतल्या मूर्ती, शस्त्रं आणि चित्रं बघायला दोन-तीन तास लागतात, सावली असते, बसायला जागा असते. उन्हाळ्यात दुपार काढायला याच्यासारखी जागा नाही. संध्याकाळी १९२४ मध्ये उभ्या राहिलेल्या गेट वे ऑफ इंडियापाशी फेरी मारावी, किंवा टॅक्सीनं मरीन ड्राइव्हला जाऊन कठड्यावर बसावं.

सिद्धिविनायकाला जायचं असेल तर आता सोपं झालं आहे. मेट्रो ३ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेड ते आरे अशी पूर्ण धावते. तिच्यावर सीएसएमटीचंही स्टेशन आहे आणि सिद्धिविनायकाचंही. लोकलच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना लोटण्यापेक्षा हे बरं. मंगळवारी मात्र दर्शनाची रांग मोठी असते. जहाज बुधवारी असेल तर आदला दिवस मंगळवारच येतो, तेव्हा देवाला परतल्यावरच भेटावं.

घारापुरीची लेणी मात्र या दिवशी नकोत. बोटीनं जायला तास, यायला तास, वर साधारण १२० पायऱ्या. रात्रीच्या रेल्वेप्रवासानंतर ही दगदग कशाला? ती लेणी परतीच्या दिवसासाठी राखून ठेवावीत.

दशम्या कुठं खायच्या?

प्रवासाला निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू बरोबर असणारच. जहाजावर बाहेरचं खाणं सहसा नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून ठेवायला लावतात. तंबाखू-गुटख्याची पुडी खिशात असेल तर तीही तिथंच जाईल. तेव्हा डबा मुंबईतच संपवावा. लहान बाळाचं खाणं किंवा पथ्याचं काही असेल तर कंपनीला आधी फोन करून विचारावं.

मोठ्या बॅगा धक्क्यावर चिठ्ठी लावून घेतात आणि त्या खोलीत यायला काही तास लागू शकतात. बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, मोबाइलचा चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. ओळखपत्र मूळच लागतं, झेरॉक्स किंवा फोटो चालेल या भरवशावर राहू नये. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, हे घरूनच तपासावं. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि तिकिटावर नवऱ्याचं, असं बायकांच्या बाबतीत फार होतं. धक्क्यावर ते दुरुस्त करत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

गोव्यात जहाज लागतं मुरगावला, कळंगुटला नाही

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून सुरू झालं आणि मुंबई-गोवा ही फेरी सगळ्यांच्या तोंडी बसली. काही फेऱ्यांत गोवा हा वाटेतला थांबा असतो: सकाळी लागायचं, फिरून यायचं, संध्याकाळी पुन्हा जहाजावर. काही फेऱ्या एकमार्गी असतात, म्हणजे मुंबईत चढून गोव्यात किंवा कोचीत उतरायचं. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो, तेव्हा या बाजूच्या फेऱ्या थांबतात. आपली फेरी यातली कोणती, त्यावर पुढचा सगळा बेत ठरतो.

गोवा वाटेतला थांबा असेल तर पहिला नियम हा, की हाताशी दिसतात तेवढे तास आपले नसतात. जहाज आठला लागलं तरी उतरायला नऊ-साडेनऊ होतात, आणि परत चढायची वेळ सुटण्याच्या बरीच आधी असते. ती वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. मुरगाव बंदर वास्कोजवळ आहे. बागा-कळंगुट तिथून चाळीस किलोमीटरहून जास्त, आणि मधे पणजीची वाहतूक. तिकडं जाण्याचा मोह आवरावा. जवळ बोगमाळ्याचा किनारा आहे, त्याच रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे (सोमवारी बंद). शाळकरी पोरांना खरी विमानं जवळून बघायला आवडतात. फार तर एक लांबचं ठिकाण धरावं, जुनं गोवं किंवा मंगेशी, आणि तिथून सरळ बंदरावर यावं. दोन्ही करायला गेलात तर दोन्ही पळत बघावी लागतात.

टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवावं, आणि "परत आणून सोडणार" हे त्यात धरलेलं आहे का, तेही विचारावं. आपल्याकडच्या शहरांतली ॲप गोव्यात तशी चालत नाहीत, तिथं 'गोवा माइल्स' नावाचं वेगळं ॲप आहे. चालकाचा नंबर घ्यावा, आणि जहाज सुटायची वेळ त्याला आधीच सांगून ठेवावी. वाटेवरच्या कोंडीचा अंदाज आपल्यापेक्षा त्याला जास्त असतो.

गोव्यात उतरायचंच असेल, तर दोन दिवस काढा

प्रवास गोव्यात संपणार असेल तर गोष्ट वेगळी. इथं मागं जहाज नाही, घड्याळाचा धाक नाही. लांबचं, निवांत बघायचं ते आता.

आपल्या भागातल्या अनेक घरांना गोव्याच्या देवळांची ओढ असते. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, दोन्ही फोंडा तालुक्यात. मुरगावहून फोंड्याकडं जाताना कुठ्ठाळी लागते. मंगेशाचं मूळ ठिकाण हेच. पोर्तुगिजांच्या भीतीनं १५६० मध्ये भाविकांनी देव तिथून हलवला तो सध्याच्या मंगेशीत. म्हणजे गाडी ज्या रस्त्यानं जाते साधारण त्याच दिशेनं देव गेला, हे आजी नातीला वाटेतच सांगू शकते. शांतादुर्गेचं आजचं देऊळ छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं आहे. अर्धी चड्डी घालून देवळात सोडत नाहीत, किनाऱ्यावरून थेट जाऊ नये.

जुन्या गोव्यात बॉम जेझस चर्च आहे, १६०५ मध्ये बांधून झालेलं, सेंट झेवियर यांचं शव तिथं ठेवलेलं आहे. तिथून पुढं वेळ असेल तर डिचोली तालुक्यातलं नार्वे. तिथल्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. गोव्याला जाणाऱ्या दहा महाराष्ट्रीय गाड्यांपैकी किती नार्व्याला वळतात कोण जाणे, पण सांगली-साताऱ्याच्या माणसानं एकदा तरी वळावं. थांब्याच्या दिवशी हे जमत नाही, मुक्काम केला तरच जमतं.

परतायला वास्कोहूनच गाडी आहे. गोवा एक्स्प्रेस दुपारी वास्कोहून सुटते, लोंढा-बेळगाव करत रात्री मिरजेला येते, पुढं सांगली. वाटेत ती दूधसागरच्या धबधब्याला अगदी खेटून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रवास असेल तर पाणी चांगलं असतं, एप्रिलमध्ये बारीक धार दिसते. क्रूझचं तिकीट काढलं त्याच दिवशी या गाडीचंही आरक्षण करावं, सुट्टीत ती लवकर भरते. आणि उतरण्याच्या दिवशीची दुपारची गाडी न घेता एक रात्र थांबून पुढची घ्यावी. जहाज धुक्यामुळं किंवा बंदरात जागा नसल्यानं उशिरा लागलं तर आरक्षण वाया जातं, आणि रेल्वेवाले जहाजाची सबब ऐकत नाहीत.

परत मुंबईलाच उतरणार असाल तर

जहाज सकाळी धक्क्याला लागतं, पण सामान आणि माणसं बाहेर पडायला वेळ जातो. कोयना एक्स्प्रेस सकाळी साडेआठच्या पुढं सीएसएमटीहून सुटते. ती धरायचा नाद सोडावा. रात्रीच्या महालक्ष्मीचं आरक्षण असेल तर मधला सगळा दिवस मोकळा मिळतो, आणि घारापुरीचा हाच दिवस. बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूमला ठेवाव्यात. तिथं बॅगेला कुलूप लागतं आणि रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं, म्हणून दोन छोटी कुलुपं घरूनच न्यावीत. मग टॅक्सीनं गेट वे, तिथून लाँच. दुपारच्या आत निघावं आणि परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे हे बेटावर उतरताच विचारावं.

वर लेण्यात साधारण १८ फुटांहून उंच त्रिमुखी सदाशिव आहे. त्याच्यापुढं माणूस आपोआप गप्प होतो. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी डोलीच्या खुर्च्या मिळतात, भाडं आधी ठरवावं. माकडं पिशवीवर झडप घालतात, हातात खाऊ ठेवू नये. लेणी सोमवारी बंद असतात, जहाज सोमवारी परतणार असेल तर वस्तुसंग्रहालय त्या दिवसासाठी ठेवावं. लाँचवर लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि घालावं. गेट वेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली आहेत. चार दिवस मोठ्या जहाजावर काढून आलेल्याला छोट्या लाँचचं काही वाटत नाही, निष्काळजीपणा होतो तो तिथंच.

कोचीला उतरणाऱ्यांसाठी

कोचीत फोर्ट कोची आणि मट्टनचेरी हा भाग एका दिवसात बघून होतो: चिनी पद्धतीची मोठी मासेमारीची जाळी, वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथं पुरलं होतं ते सेंट फ्रान्सिस चर्च, आणि १५६८ मध्ये बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद. शुक्रवारी उतरणार असाल तर आधी चर्च आणि जाळी बघावीत. एप्रिल २०२३ पासून तिथं वॉटर मेट्रो सुरू झाली आहे, पाण्यावरून बेटाबेटांना जाणारी. टॅक्सीपेक्षा स्वस्त, आणि तीच बघण्यासारखी.

परतीचा प्रवास मात्र लांबचा. एर्नाकुलमहून कोकण रेल्वेनं पनवेलकडं येणाऱ्या गाड्या आहेत, पुण्याला थेट येणारी पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच असते. जहाजाची तारीख ठरवण्याआधी या गाडीचा वार बघावा, उलट करू नये. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले केरळातल्या कितीतरी गावांत सोनं-चांदी गाळायची दुकानं चालवतात. कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलतभाऊ तिथं असतोच. निघण्यापूर्वी गावात एकदा विचारून बघावं. मल्याळम बोलणारं आपलं माणूस स्टेशनावर घ्यायला आलं तर आई-वडिलांचा अर्धा शीण तिथंच जातो. त्याचा नंबर मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदावरही लिहून खिशात ठेवावा. समुद्रात मोबाइलला रेंज नसते, आणि दोन दिवस व्हिडिओ काढून काढून उतरताना बॅटरीही संपलेली असते.